पुस्तकाबरोबर त्याचा प्रतिपक्षही सांगावा

प्रश्न : आम्ही काही मित्रमैत्रिणी लष्करी इतिहासाचे वाचक आहोत. दर महिन्याला एकत्र बसून 'सध्या काय वाचताय?' या एकाच प्रश्नावर बोलायचे, असे आमचे ठरलेले आहे. सुरुवातीला या बैठकींना रंग चढत असे. आता मात्र प्रत्येक जण चार-पाच नावे सांगतो, बाकीचे ती टिपून घेतात आणि बैठक संपते. टिपणे वाढत जातात, वाचून फारसे काही होत नाही. आमच्यातले एक ज्येष्ठ सदस्य दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सेनानींच्या आठवणींखेरीज दुसरे काही सुचवत नाहीत आणि त्यांचे वाचन दांडगे असल्यामुळे त्यांच्यापुढे कोणी बोलत नाही. मध्यंतरी एक नवी वाचक आली होती. सुरुवात कुठून करू, असे तिने विचारले, तेव्हा सर्वांनी मिळून तिच्यापुढे एवढी मोठी यादी ठेवली की ती पुन्हा फिरकलीच नाही. आम्ही एकमेकांना पुस्तके सुचवावीत कशी आणि सुचवलेल्यांतून निवडावे कसे? शिवाय काही जण आता पुस्तके वाचण्याऐवजी ऐकतात. ते वाचन धरावे का, यावरूनही आमच्यात मतभेद आहेत. आपला सल्ला हवा आहे.

उत्तर : आपल्या गटात पुस्तकांची वानवा दिसत नाही, पुस्तकांविषयीचे बोलणे मात्र थांबले आहे, असे पत्र वाचून वाटले. नुसते नाव ऐकून ते पुस्तक का उचलावे, हे ऐकणाऱ्याला कळत नाही आणि आपण त्यातून काय घेतले, हे सांगणाऱ्यालाही नीट मांडावे लागत नाही. कोणत्याही विषयात यामुळे नुकसान होतेच, पण लष्करी इतिहासात ते अधिक होते. लढाईचा पहिला वृत्तान्त पुष्कळदा त्या लढाईत ज्यांची अब्रू पणाला लागली होती, अशांनीच लिहिलेला असतो. एका बाजूचे दप्तर खुले असते, तर दुसऱ्या बाजूचे जळालेले किंवा कुलूपबंद असते. आणि पहिल्या वृत्तान्तात शिरलेली चूक पुढची कितीतरी वर्षे एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरत राहते. म्हणून माझा आग्रह असा आहे की, आपल्या बैठकीत कोणतेही पुस्तक एकटे सुचवले जाऊ नये. ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, कोणाच्या कागदपत्रांवर उभे आहे आणि त्याच्याशी भांडणारे दुसरे पुस्तक कोणते, हे सुचवणाऱ्याने त्याच दमात सांगावे. यातली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि हमखास राहून जाते तीही तीच.

दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरात अमेरिकी आणि जपानी आरमारांत झालेल्या मिडवेच्या लढाईचे उदाहरण थोडे सविस्तर पाहू, कारण प्रतिपक्ष न सांगितल्याने काय होते, ते इतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते. ४ जून १९४२ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास अमेरिकी डाइव्ह बॉम्बर (खाली सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या) विमानांनी 'अकागी', 'कागा' आणि 'सोर्यू' या तीन जपानी विमानवाहू नौका काही मिनिटांत निकामी केल्या; चौथी, 'हिर्यू', त्याच दिवशी संध्याकाळच्या सुमारास तडाख्यात सापडली. या घटनेचा सर्वांत गाजलेला वृत्तान्त मित्सुओ फुचिदा यांचा आहे. पर्ल हार्बरवरील हल्ल्यात विमानांचे नेतृत्व केलेले हे अधिकारी त्या दिवशी 'अकागी'वरच होते; आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असल्यामुळे त्यांना उड्डाण करता आले नव्हते. हल्ल्यासाठी निघालेली जपानी विमाने डेकवर सज्ज होती, त्यांची इंजिने सुरू होती, आणखी पाच मिनिटे मिळाली असती तर ती सगळी हवेत गेली असती, असे त्यांनी लिहिले. त्यांचे पुस्तक जपानीत १९५१ साली आणि इंग्रजीत १९५५ साली आले. प्रत्यक्ष हजर असलेल्या अधिकाऱ्याची साक्ष म्हटल्यावर शंका कोण घेणार? पुढे मिडवेवर इंग्रजीत जे लिहिले गेले, त्यात ही पाच मिनिटे वारंवार येत राहिली.

२००५ साली जोनाथन पार्शल आणि अँथनी टली यांचे 'शॅटर्ड स्वॉर्ड' प्रसिद्ध झाले. त्यांनी जपानी नौकांवरील विमानतुकड्यांच्या नोंदी घेतल्या, कोणती लढाऊ विमाने किती वाजता उतरली आणि किती वाजता पुन्हा वर गेली हे जुळवले आणि हँगरमधून, म्हणजे डेकखालच्या विमाने ठेवण्याच्या जागेतून, विमाने लिफ्टने वर आणून डेकवर मांडायला जपानी पद्धतीत किती वेळ लागत असे, याचा हिशेब केला. नौकांच्या रक्षणासाठी घिरट्या घालणारी लढाऊ विमाने सकाळभर उतरत आणि उडत असल्यामुळे डेक मोकळे ठेवावे लागत होते. हल्ल्याची विमाने खाली हँगरमध्येच होती आणि ती वर आणून उडवायला पाऊण तासाच्या आसपास वेळ लागला असता, असा निष्कर्ष त्यातून निघाला. लढाईचे नाट्य ज्या पाच मिनिटांवर उभे होते, ती मिनिटे मुळात नव्हतीच. जपानच्या अधिकृत युद्धेतिहासातला मिडवेवरील खंड १९७१ सालीच निघाला होता आणि फुचिदांच्या वृत्तान्तावरचा विश्वास तिथे केव्हाच उडाला होता. इंग्रजी वाचक मात्र त्यानंतर आणखी तीन दशके तीच कथा वाचत राहिले, कारण जपानी बाजू म्हणून त्यांच्यासमोर मुख्यतः फुचिदाच होते.

याचा अर्थ फुचिदांचे पुस्तक वाचू नये, असा मी मुळीच काढत नाही. पराभूत आरमाराच्या एका अधिकाऱ्याला तो पराभव जगाने कसा समजून घ्यावा असे वाटत होते, याची ती अस्सल साक्ष आहे. मात्र ते सुचवताना 'यानंतर पार्शल-टली वाचा' एवढे वाक्य जोडले नाही, तर सुचवणाऱ्याने ऐकणाऱ्याला अर्ध्या वाटेवर सोडल्यासारखे होते.

दुसरी जोडी अशी आहे की, तिच्यातला वाद अजून मिटलेला नाही आणि म्हणूनच ती बैठकीसाठी अधिक उपयोगी आहे. जॉन कीगन यांचे 'द फेस ऑफ बॅटल' हे १९७६ सालचे पुस्तक आपल्यापैकी अनेकांच्या यादीत असेलच. सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत भावी अधिकाऱ्यांना शिकवणारे कीगन, आपण स्वतः कधी लढाईत नव्हतो, हे पहिल्याच वाक्यात सांगतात आणि मग १४१५ ची ॲजिनकोर्ट, १८१५ ची वॉटर्लू आणि १९१६ ची सोम या तीन लढायांत सामान्य सैनिकाच्या वाट्याला नेमके काय आले असेल, हे शोधत जातात. ॲजिनकोर्टच्या वृत्तान्तकारांनी प्रेतांच्या माणसाच्या उंचीहून उंच राशी पडल्याचे लिहिले आहे. कीगन या विधानापाशी थांबतात आणि विचारतात की, हे शक्य तरी आहे का? माणसांची शरीरे भिंतीसारखी एकावर एक रचली जात नाहीत, ती अस्ताव्यस्त पसरतात, असे दाखवून ते ती राशीची कल्पना बाजूला ठेवतात; मागून रेटणाऱ्या गर्दीत पुढच्या चिलखतधारी माणसाला शस्त्र चालवायलाही जागा उरली नसेल, हे चित्र मात्र ते आपल्यापुढे उभे करतात. एका वाक्याला इतक्या बारकाईने प्रश्न कसा विचारायचा, हे शिकण्यासाठी हे पुस्तक वाचावे.

पण त्याच वेळी ॲन करी यांचे २००५ सालचे 'ॲजिनकोर्ट : अ न्यू हिस्टरी' शेजारी ठेवावे. करी यांनी सैनिकांच्या करारांचे आणि पगाराच्या नोंदींचे कागद तपासले आणि मूठभर इंग्रज विरुद्ध अफाट फ्रेंच सेना, हे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेलेले चित्र आकड्यांना धरून नाही, असे मांडले. त्यांच्या हिशेबाने इंग्रज सुमारे ९,००० आणि फ्रेंच सुमारे १२,००० होते. हा हिशेब सर्व अभ्यासकांना मान्य नाही. पगाराच्या नोंदी जितक्या इंग्रजांच्या टिकल्या तितक्या फ्रेंचांच्या टिकल्या नाहीत, हा त्यातला मोठा अडसर आहे. आपल्या गटातल्या दोघांनी ही दोन पुस्तके एकाच महिन्यात वाचावीत आणि बाकीच्यांनी त्यांना प्रश्न विचारावेत. संख्याबळ बदलले तर कीगन यांनी रंगवलेली ती रेटारेटी तशीच राहते का, एवढ्या एका प्रश्नावर तासभर चर्चा होऊ शकेल.

आता आपल्या ज्येष्ठ सदस्यांविषयी. त्यांचे वाचन दांडगे आहे, तेव्हा त्यांना टाळण्यापेक्षा त्या वाचनाला पुढची दिशा देणे गटाच्या हिताचे ठरेल. जर्मन सेनानींच्या आठवणी त्यांना आवडतात, यात गैर काही नाही. एरिक फॉन मॅनश्टाइन यांच्या १९५५ सालच्या 'लॉस्ट व्हिक्टरीज'मध्ये मोहिमेच्या आखणीचे जे वर्णन आहे, ते आजही खिळवून ठेवते. पण याच लेखकाला १९४९ साली हॅम्बुर्ग येथील ब्रिटिश लष्करी न्यायालयाने युद्धगुन्ह्यांसाठी दोषी ठरवले होते आणि पूर्व आघाडीवरील, म्हणजे सोव्हिएत संघाविरुद्धच्या युद्धातील, नागरिकांचे व युद्धकैद्यांचे काय झाले, याचा प्रामाणिक हिशेब त्या पुस्तकात मिळत नाही, हे ते पुस्तक सुचवताना सांगितलेच पाहिजे. पराभवाचा दोष हिटलरच्या माथी आणि विजयाचे श्रेय सेनापतींच्या पदरी, ही मांडणी एकट्या मॅनश्टाइन यांची नव्हती. युद्ध संपल्यावर अमेरिकी लष्कराच्या इतिहास विभागासाठी जर्मन सेनेचे माजी प्रमुख नियोजक फ्रान्झ हाल्डर यांच्या देखरेखीखाली अनेक जर्मन अधिकाऱ्यांनी टिपणे लिहिली आणि सोव्हिएत दप्तरे बंद असल्यामुळे पश्चिमेकडील वाचकांनी पूर्व आघाडी दीर्घकाळ त्यांच्याच नजरेने पाहिली.

आपल्या ज्येष्ठांना मी दोन पुस्तके सुचवीन. पहिले डेव्हिड ग्लान्ट्झ आणि जोनाथन हाउस यांचे १९९५ सालचे 'व्हेन टायटन्स क्लॅश्ड', जे सोव्हिएत कागदपत्रांच्या आधारे तेच युद्ध पलीकडच्या बाजूने मांडते. दुसरे जर्मन लष्करातच अधिकारी आणि इतिहासकार असलेल्या कार्ल-हाइन्झ फ्रीझर यांचे 'ब्लिट्झक्रीग लेजंड'. मूळ जर्मन पुस्तकही १९९५ सालचेच आहे. १९४० साली फ्रान्समध्ये मिळालेला विजय आधीपासून तयार असलेल्या कुठल्याशा झंझावाती युद्धतंत्राचा परिणाम नव्हता, त्यात धाडस, योगायोग आणि आज्ञा मोडून पुढे धावणारे सेनानी यांचा मोठा वाटा होता, असे ते सांगतात. जर्मन लष्करात रस असलेल्या माणसाला हे पुस्तक आपल्या आवडीवरचा हल्ला वाटणार नाही. उलट आवडत्या विषयाच्या पोटात शिरल्याचे समाधान मिळेल. बैठकीत त्यांना खोडून काढू नये. 'या पुस्तकाच्या विरोधात सर्वांत चांगले काय लिहिले गेले आहे?' असे त्यांनाच विचारावे. इतके वाचलेला माणूस या प्रश्नाने सुखावेल, असे मला वाटते.

सोव्हिएत बाजूही आपोआप खरी ठरत नाही, हे इथे नमूद करतो. नोव्हेंबर १९४२ मध्ये स्टालिनग्राडच्या प्रतिहल्ल्याच्या जोडीनेच झेव्हजवळ 'मार्स' नावाची मोठी मोहीम झाली, तीत लाल सैन्याची प्रचंड हानी झाली आणि सोव्हिएत काळातल्या लेखनात ती झाकोळून गेली. तिच्यावर ग्लान्ट्झ यांचेच १९९९ सालचे 'झुकोव्ह्ज ग्रेटेस्ट डिफीट' आहे. विजेत्याच्या आठवणींनाही प्रतिपक्ष लागतोच.

पुस्तक कधीचे आहे, हेही सुचवताना सांगण्याची सवय लावावी. अमेरिकी लष्करी इतिहासकार एस. एल. ए. मार्शल यांनी १९४७ सालच्या 'मेन अगेन्स्ट फायर'मध्ये असे लिहिले की, दुसऱ्या महायुद्धात प्रत्यक्ष चकमकीत अमेरिकी पायदळातील जेमतेम १५ ते २५ टक्के सैनिक शस्त्र चालवत होते. हा आकडा कितीतरी पुस्तकांत आजही भेटतो. कीगन यांनीही मार्शल यांचे ऋण मानले आहे. १९८८ साली रॉजर स्पिलर यांनी मार्शल यांच्या मुलाखतींच्या नोंदी शोधल्या, तेव्हा या टक्केवारीला आधार देणारी पद्धतशीर मोजणी त्यांना आढळली नाही. १९७६ सालच्या पुस्तकाला १९८८ चा शोध ठाऊक असणे शक्य नाही, पण आज ते सुचवणाऱ्याला तो ठाऊक असायला हवा.

चांगली शिफारस कशी दिसते, हे प्रत्यक्ष नमुन्यावरून सांगणे सोपे जाईल. समजा, आपल्यातले कोणी विल्यम स्लिम यांच्या आठवणी वाचत आहे. त्याने बैठकीत साधारण पुढीलप्रमाणे बोलावे.

"मी सध्या 'डिफीट इनटू व्हिक्टरी' वाचत आहे, १९५६ सालचे. १९४२ साली ब्रह्मदेशातून हजार मैलांच्या आसपास माघार घेत आलेले सैन्य पुन्हा उभे कसे राहिले, हा याचा विषय. लेखक ब्रह्मदेशात लढलेल्या ब्रिटिशांच्या चौदाव्या सेनेचे सेनापती होते, त्यामुळे युद्ध वरून दिसते. कोहिमाकडे जपानी सैन्य किती बळाने येईल, याचा आपला अंदाज चुकल्याचे ते स्वतः सांगतात, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसू लागला. सैन्याच्या आरोग्याविषयीची पाने चुकवू नका. १९४३ साली जखमी म्हणून हलवलेल्या एका सैनिकामागे आजारी म्हणून हलवलेले १२० सैनिक होते. मलेरियाच्या गोळ्या सैनिक खरोखर घेतात की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी अचानक तपासण्या लावल्या आणि ज्या तुकडीत हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या खाली दिसले, तिच्या प्रमुखाला घरी पाठवले. तिघांना पाठवावे लागले, तेवढ्यात बाकीचे समजले. नकाशा शेजारी नसेल तर मधली प्रकरणे जड जातात. जपानी सेनापती मनात काय योजत होते, ते इथे बाहेरूनच दिसते. त्यासाठी लुई ॲलन यांचे १९८४ सालचे 'बर्मा : द लाँगेस्ट वॉर' घ्या. ते त्याच युद्धात गुप्तवार्ता अधिकारी होते, त्यांना जपानी येत असे आणि त्यांनी जपानी साधने वापरली आहेत."

एवढे बोलायला दोन-तीन मिनिटे पुरतात. यात पुस्तकाचे कौतुक कुठेच नाही, तरी ऐकणाऱ्याला ते आपल्यासाठी आहे की नाही, हे ठरवता येते. शिवाय हे बोलणारा अजून पुस्तकाच्या मधोमध आहे. 'सध्या काय वाचताय?' या प्रश्नाचे खरे मोल इथेच आहे, कारण संपलेल्या पुस्तकाविषयी आपण निकाल सांगतो, तर चालू पुस्तकाविषयी शंका सांगतो आणि गप्पा शंकेवरच वाढतात. मध्येच सोडून दिलेल्या पुस्तकाविषयीही अवश्य बोलावे. कुठल्या प्रकरणाशी आणि कशामुळे थांबलो, हे कळल्याने दुसऱ्याचे अनेक दिवस वाचतात.

आपल्या याद्यांत काय नसते, याकडेही एकदा पाहावे. लढाया आणि सेनापती भरपूर असतील. दाणावैरण, रस्ते, बंदरे, रुग्णालये आणि पगार फार कमी असतील. मार्टिन व्हॅन क्रेव्हेल्ड यांचे १९७७ सालचे 'सप्लाइंग वॉर' वाचले की जर्मन सेनापती रोमेलच्या आफ्रिकेतील मोहिमेकडे पाहण्याची दृष्टी पालटते. त्रिपोलीच्या बंदरापासून दीड हजार किलोमीटरहून अधिक पुढे गेलेल्या सैन्याला इंधन पोहोचवणाऱ्या ट्रकांनाच किती इंधन लागत असेल, याचा हिशेब समोर आल्यावर रणगाड्यांच्या डावपेचांना वेगळेच माप लागते. याचाही प्रतिपक्ष आहे. जॉन लिन यांनी संपादित केलेल्या १९९३ सालच्या 'फीडिंग मार्स'मध्ये क्रेव्हेल्ड यांच्या जुन्या काळाविषयीच्या निष्कर्षांना आव्हान दिलेले आहे. तसेच, युद्धातील स्त्रियांचा आवाज ऐकायचा असेल तर स्वेतलाना अलेक्सिएविच यांचे सोव्हिएत सैन्यातील स्त्रियांच्या मुलाखतींवरचे १९८५ सालचे पुस्तक वाचावे. त्यातल्या साक्षी घटनेनंतर कित्येक वर्षांनी सांगितलेल्या आहेत, हे ध्यानात ठेवून ते वाचावे लागते.

मराठी वाचकाला दोन बाजू शेजारी ठेवून वाचण्याची ही रीत परकी नाही. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतावर भाऊसाहेबांची बखर आहे. अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेल्या आणि लढाई जवळून पाहिलेल्या काशीराज पंडिताने सुमारे वीस वर्षांनी फारसीत लिहिलेली हकीकत आहे. आणि अशी सगळी साधने एकमेकांवर घासून पाहणारे त्र्यं. शं. शेजवलकर यांचे 'पानिपत : १७६१' आहे. बखरीचा आवेश आणि शेजवलकरांची तपासणी लागोपाठ वाचली, तर दोन्हींचे मोल अधिक कळते.

त्या नव्या वाचकाला आपण यादी दिली, ती प्रेमानेच दिली असणार. तरी तिला परत बोलवा आणि यावेळी आधी एकच विचारा की, या विषयाकडे तू कशामुळे वळलीस? कोणी घरातल्या सैनिकामुळे येतो, कोणी एखाद्या नकाशामुळे, तर कोणी युद्धे होतातच का, या प्रश्नामुळे. उत्तरानुसार एकच पुस्तक द्यावे. माणसाचा अनुभव जाणून घ्यायचा असेल तर अमेरिकी मरीन सैनिक यूजीन स्लेज यांचे १९८१ सालचे 'विथ द ओल्ड ब्रीड' द्यावे. प्रशांत महासागरातील पेलेलियू बेटावर १९४४ साली उतरताना लढाई तीन-चार दिवसांत आटोपेल, असे त्यांच्या डिव्हिजनच्या सेनापतीने सांगितले होते. प्रत्यक्षात बेट ताब्यात यायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागला. स्लेज यांनी त्या दिवसांची टिपणे खिशातल्या बायबलच्या छोट्या प्रतीत लपवून ठेवली होती आणि पुढे त्यांवरून हे पुस्तक लिहिले. पूर्वज्ञानाची गरज न लागता इतके थेट आणि इतके सच्चे बोलणारे पुस्तक मला दुसरे पटकन आठवत नाही. तिला मोठा पट हवा असेल तर मायकल हॉवर्ड यांचे १९७६ सालचे 'वॉर इन युरोपियन हिस्टरी' द्यावे. हजारभर वर्षांचा प्रवास दीडशेच्या आसपास पानांत मांडणारे हे छोटेखानी पुस्तक आहे.

प्रशियाचे युद्धचिंतक क्लाउझेवित्स मात्र नवख्याच्या हाती पहिल्यांदा देऊ नये. त्यांचा 'युद्धाविषयी' हा ग्रंथ १८३१ साली ते वारल्यावर त्यांच्या पत्नी मारी यांनी १८३२ पासून प्रसिद्ध केला. ग्रंथाची फेररचना अर्धवट राहिली होती आणि पहिल्या भागाचे पहिले प्रकरण तेवढे आपल्या मते पूर्ण झाले आहे, असे त्यांनी स्वतः टिपून ठेवले होते. जाणकार वाचकालाही मी तेवढ्या प्रकरणापासूनच सुरुवात करायला सांगेन.

निवडीविषयी आपण विचारले आहे. हॉवर्ड यांनी १९६१ साली एका व्याख्यानात सांगितले होते की, लष्करी इतिहास रुंदीने, खोलीने आणि संदर्भासह अभ्यासावा. रुंदी आपल्या गटाकडे आपोआप येते, कारण प्रत्येकाची आवड निराळी आहे. खोली मात्र ठरवून आणावी लागते. म्हणून तीन-चार महिने एकच मोहीम घ्या आणि कामे वाटून घ्या : एकाने अधिकृत इतिहास, दुसऱ्याने साध्या सैनिकाची आठवण, तिसऱ्याने शत्रूपक्षाचे पुस्तक, चौथ्याने रसदीविषयी जे मिळेल ते. ब्रह्मदेशाची मोहीम यासाठी उत्तम आहे; स्लिम आणि ॲलन वर आलेच आहेत आणि बिशेश्वर प्रसाद यांच्या संपादनाखाली निघालेला दुसऱ्या महायुद्धातील भारतीय सैन्याचा अधिकृत इतिहासही त्यासाठी आहे. अमेरिकी लष्कराच्या इतिहास केंद्राने तर आपले अधिकृत खंड वाचकांसाठी विनामूल्य खुले केले आहेत.

सुचवलेले पुस्तक हाती आल्यावर पहिल्या पानापासून सुरुवात करण्याआधी थोडी तपासणी करावी. शेवटच्या टिपा उघडून दोन्ही बाजूंची दप्तरे वापरली आहेत का, ते पाहावे. मजकुरात येणारी गावे नकाशात सापडतात का, ते पाहावे. मग आपल्याला आधीपासून ठाऊक असलेल्या एखाद्या प्रसंगाची पाने वाचावीत. तिथे लेखक नवे काही सांगत असेल किंवा निदान जुनी चूक टाळत असेल, तर बाकीचे पुस्तक विश्वासाने घ्यावे. साठलेल्या याद्यांचे ओझे वाटून घेऊ नये. ज्या नावापुढे प्रश्न लिहिलेला नाही, ते नाव खुशाल खोडावे. पुस्तक खरेच गरजेचे असेल तर दुसऱ्या कोणाच्या तोंडून ते पुन्हा समोर येईल.

राहिला प्रश्न ऐकण्याचा. स्लेज यांच्यासारखी आठवण किंवा अलेक्सिएविच यांनी गोळा केलेल्या साक्षी ऐकून काही उणे पडत नाही. माणसाचा आवाज त्यांना साजतोच. मोहिमेचा इतिहास मात्र नुसता ऐकला, तर नद्या, घाट, रेल्वेमार्ग आणि तुकड्यांचे क्रमांक डोक्यात एकमेकांत मिसळतात, शिवाय टिपा तर ऐकायला मिळतच नाहीत. म्हणून आपल्या गटात ऐकलेले पुस्तक वाचलेले धरावे, पण ते सुचवताना 'मी हे ऐकले आहे, नकाशे पाहिलेले नाहीत' असे सांगावे आणि मोहिमेचे पुस्तक ऐकणाऱ्याने त्या प्रदेशाचा एक मोठा नकाशा समोर पसरून ठेवावा.